दोन डॉक्टर, दोन सल्ले, मग ठरवलं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारताना कोणी ना कोणी थांबवतंच: "दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, ऐकायचं कोणाचं?" माझ्या थायरॉइडच्या गाठीचं प्रकरण निम्म्या नौपाड्याला ठाऊक आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो.

गाठ १.२ सेंटिमीटरची. भरीव, सोनोग्राफीत आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळसर, बाकी संशयास्पद काही नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम बघणारी रक्ततपासणी, नॉर्मल. सर्जन म्हणाले, गाठीत सुई टाकून थोड्या पेशी काढून कॅन्सर नाही ना ते तपासून घ्या. घोडबंदर रोडच्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर, बाई म्हणाल्या, आत्ता सुई नको, वर्षाने परत सोनोग्राफी करा. घरात लगेच दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, तिसऱ्याला दाखवू. म्हणजे मतदानच की! दोघांत फरक कशामुळे पडला, ते त्या तिसऱ्याला कसं कळणार?

त्यापेक्षा मी फाइल घेऊन दोघांकडे परत गेले आणि विचारलं, "या मापाला तुम्ही कोणता नियम लावता?" सर्जन अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या नियमांनी चालत होते. त्यांत अशी भरीव, काळसर गाठ १ सेंटिमीटरची झाली की सुई. बाई अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या २०१७ च्या टायरॅड्स या गुणपद्धतीने चालत होत्या. तिथे गुण मोजतात: भरीवपणाचे २, काळसरपणाचे २, एकूण ४, म्हणून टायरॅड्स ४. त्यात सुई १.५ सेंटिमीटरपासून. १ सेंटिमीटरच्या पुढे नुसती नजर ठेवायची, १, २, ३ आणि ५ वर्षांनी. माझी गाठ नेमकी या दोन आकड्यांच्या मधे. चुकत कोणीच नव्हतं.

बाईंनी दक्षिण कोरियाचं उदाहरण दिलं. तिथे १९९९ पासून कॅन्सरच्या तपासण्यांची मोहीम सुरू झाली आणि तिच्यासोबत लोक गळ्याची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं, पण हजारोंच्या ग्रंथी निघाल्या आणि आयुष्यभराच्या गोळ्या मागे लागल्या.

सुईची भीती मला नव्हती. बारीक सुई असते, ओपीडीत काही मिनिटांत होतं. पण सर्जनना मी पुढचंही विचारलं, "रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा आला तर?" ते हसले. "येतो तसा कधी कधी. मग परत सुई." एवढ्या छोट्या गाठीसाठी त्या फेऱ्यात शिरायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. सर्जनही तयार झाले, एका अटीवर: सोनोग्राफी दरवेळी त्याच सेंटरला, जुनी फिल्म सोबत नेऊन.

वर्षाने रिपोर्टात १.३ आलं. ह्यांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, मिलिमीटरभराचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असतो. वाढ म्हणायची ती किमान दोन दिशांनी वीस टक्के आणि कमीत कमी २ मिलिमीटर वाढली तर. ह्यांनी तो आकडा फाइलच्या कव्हरावर लाल पेनने लिहून ठेवलाय.

ऐरोलीच्या माझ्या नणंदेचीही गाठ साधारण एवढीच निघाली. "वहिनी, तुमचं बघून मीही थांबते," म्हणाली. मी म्हटलं, आधी रिपोर्ट व्हॉट्सअॅप कर. तिच्या गाठीत कॅल्शियमचे बारीक ठिपके होते. माझ्यासारख्या ४ गुणांत त्यांचे ३ मिळवले की ७, म्हणजे टायरॅड्स ५, आणि तिथे दोन्ही नियम १ सेंटिमीटरला सुईच सांगतात. मी फोन करून म्हटलं, माझं उदाहरण तुला लागू नाही, डॉक्टर सुई म्हणाले तर नाही म्हणू नकोस. पुढच्या आठवड्यात ती करून आली.