हळदीकुंकवातली पट्टी

सोसायट्यांमध्ये फेअरट्रेडचे स्टॉल लावणं हे माझ्या नोकरीतलं एक काम. ठाणे नाहीतर नवी मुंबईतलं कुठलं तरी क्लबहाऊस गाठायचं, टेबल मांडायचं, निळ्या-हिरव्या खुणेचा बॅनर टांगायचा, चहा, कॉफी, मसाले, टीशर्ट नीट लावून ठेवायचे. मग येईल त्याला सांगायचं की फेअरट्रेडची ही खूण असलेल्या मालाला, म्हणजे तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, ठरलेल्या किमान भावाची हमी असते. लोक मान डोलावतात. बॅनरवरच्या हसऱ्या शेतकरी बाईसोबत सेल्फी काढतात, 'ऑनलाइन मिळतं का?' विचारतात आणि पुढे जातात. आमच्या अहवालात याला जनजागृती म्हणतात.

नेरुळच्या एका सोसायटीतल्या महिला मंडळाने मात्र आम्हाला हळदीकुंकवालाच बोलावलं. रथसप्तमीच्या आधीचा रविवार. वाण म्हणून यंदा प्लॅस्टिकचे डबे लुटायचे नाहीत असं त्यांचं ठरलं होतं. आमच्याकडून सुती पिशव्या आणि प्रत्येकीत चहाची एक पुडी गेली. बाजूला स्टॉल, आणि मला बोलायला दहा मिनिटं.

मी नेहमीची टेप लावली. १९८८ साली हॉलंडमध्ये मेक्सिकोच्या कॉफी उत्पादकांसाठी असं पहिलं लेबल निघालं. २००० साली इंग्लंडमधल्या गार्स्टँग या छोट्या गावाने, एका पशुवैद्याच्या पुढाकाराने, स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव जाहीर केलं. उखाण्यांची वाट बघत बसलेल्या बायकांना गार्स्टँगचं काय सोयरसुतक? मीही आवरतं घेतलं.

स्टॉलवर परत आले तर एक आजोबा टीशर्ट उलटा करून शिवण बघत होते. बायकोला सोडायला आले होते आणि एसी बरा वाटला म्हणून थांबले होते. सोसायटीत सगळे त्यांना नाना म्हणतात. मूळचे ओतूरकडचे, वाशी मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा. आता मुलगा बघतो.

"आठशे नव्वद?"

"हो नाना. कापूस फेअरट्रेडचा आहे."

"ते वाचलं. यात कापसाचे किती?"

इतक्या स्टॉलवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हौजीचं उरलेलं तिकीट उलटं करून आम्ही हिशोब मांडला. टीशर्टचं वजन १८० ग्रॅम. कताई, विणाई, कापणीत वाया जातं ते धरून रुई लागली सव्वादोनशे ग्रॅम. कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे शेतातला कापूस झाला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये, तोच धरला. उत्तर आलं, पन्नास रुपयांच्या आतबाहेर.

"आणि सरकीचे पैसे?"

"रुई-सरकी वेगळी करतो त्या जिनिंगवाल्याला. कापसाच्या भावात ते धरलेले असतात."

"धरतो होय तो," नाना म्हणाले आणि तिकिटावर पन्नासाभोवती गोल काढला. "यावर तुमचं फेअरट्रेड काय देतं?"

प्रीमियम, म्हणजे भावावरची जादा रक्कम, सांगितला. किलोमागे चार-पाच रुपये, म्हणजे एका टीशर्टमागे तीनेक. तो शेतकऱ्याच्या हातात पडत नाही, शेतकऱ्यांच्या गटाच्या खात्यात जमा होतो आणि त्याचं काय करायचं ते सभासदांची सभा ठरवते. शिवाय किमान भाव. बाजार त्याच्या खाली गेला तरी घेणाऱ्याने किमान भाव द्यायचा, वर गेला तर बाजारभाव.

इथे नानांनी खुर्ची ओढली. पुढचा तासभर माझी उलटतपासणी झाली आणि खरं सांगायचं तर मला मजा आली.

"बाजार चढला की तो माल तुम्हालाच का देईल?" त्यांचं पहिलं. "आमच्याकडून उचल घेऊन दुसऱ्याच्या गाळ्यावर माल टाकणारी माणसं मी आयुष्यभर बघितली."

प्रश्न बरोब्बर होता. मी कॉफीचं उदाहरण दिलं. २००१ साली कॉफी पाऊंडाला पन्नास सेंटच्या खाली कोसळली, तेव्हा फेअरट्रेड गटांना सव्वा डॉलरच्या घरात भाव मिळत होता. त्या काळात या लेबलने घरं वाचवली. २०२३च्या ऑगस्टमध्ये धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव पाऊंडाला १.८० डॉलर झाला. पण आम्ही बोलत होतो त्या आठवड्यात बाजारच साडेतीन डॉलरच्या वर होता. मग किमान भाव कागदावरच राहतो. गटाने आधी स्वस्तात करार केला असेल आणि सभासदांनी माल बाहेर नेला, तर गट तोंडघशी पडतो. असं झालेलंही आहे.

"म्हणजे पडत्या बाजाराचा छत्री-धंदा," नाना म्हणाले. "वाईट नाही. पावसाळा येतोच." मग थेट मुद्द्यावर आले. "पट्टी दाखव."

बाजारात माल टाकलेल्या घरात वाढलेल्याला पट्टी समजावून सांगावी लागत नाही. मालाच्या विक्रीची हिशोबाची चिठ्ठी ती: वजन, भाव, खाली एकेक कपात, शेवटी हातात काय. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलांवर कांदा विकून बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं ते पट्टीच्या फोटोमुळे. नानांचं म्हणणं एवढंच की बॅनरवरची बाई हसतेय ते ठीक, तिची पट्टी कुठाय?

माझ्याकडे माहितीपत्रकं होती, प्रमाणपत्राची प्रत होती, पट्टी नव्हती. आमच्या टीशर्टचा कापूस यवतमाळकडच्या एका गटाचा, तिथल्या सचिवांना फोन लावला. हंगाम चालू, रविवार असूनही ते काट्यावरच होते. पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर फोटो आला, शेतकऱ्याच्या नावावर अंगठा ठेवून काढलेला. निळ्या कार्बनची पावती. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आर्द्रता, भाव, हमाली वजा, निव्वळ रक्कम. 'आर्द्रता'समोर पेनाने आठ लिहून त्याचे नऊ केलेले.

"हे नऊ कुणी केले विचार," नाना म्हणाले. विचारलं. सचिव म्हणाले, दुसऱ्यांदा मोजली तेव्हा नऊ भरली, शेतकरी समोर होता. नानांना पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी फोटो स्वतःच्या फोनवर घेतला आणि मोठा करून बघू लागले.

एव्हाना स्टॉलभोवती बायका जमल्या होत्या. हळदीकुंकू लावलेली कपाळं, हातात वाणाच्या पिशव्या, आणि सगळ्यांचे डोळे कापसाच्या पावतीवर. एकीने विचारलं की टीशर्ट शिवणारीला किती मिळाले. सांगितलं, कापसावरची ही खूण कापसापुरती बोलते. शिलाई कारखान्यांसाठी फेअरट्रेडचं वेगळं मानक २०१६ साली आलं, पण या टीशर्टावर ते नाही. हे उत्तर द्यायला मला आवडत नाही, पण द्यावं लागतं. तिने टीशर्ट घडी करून ठेवला. गेलं एक गिऱ्हाईक.

मग मागून बी विंगमधली एक सून पुढे आली. माहेर यवतमाळकडच्या वणीचं. तिने नानांच्या हातातला फोन घेतला, पावती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "काका, यात वेचणी कुठी आहे?"

"वेचणी शेतकऱ्याच्या खर्चात. ती पट्टीत येत नसते."

"आमच्याकडे वेचणी किलोवर असते. दहा रुपयांच्या वरच गेलीये आता. उन्हात दिवसभर वाकून बाया वेचतात, बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटतात. हमाली आहे इथं लिहिलेली. गाडीवरून गठ्ठा उतरवणारा आहे, झाडावरून कापूस उतरवणारी नाही."

यावर नाना जे बोलले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. "हमाल पट्टीत फुकट नाही आला. आमच्या पट्टीत हमाली वेगळी, तोलाई वेगळी, वाराई वेगळी. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी उभा केला, संप केले, तेव्हा १९६९ला कायदा झाला. आम्हा व्यापाऱ्यांना ते लई जड गेलं, मी खोटं कशाला बोलू. २०१६ला अडत, म्हणजे आमची दलाली, शेतकऱ्यावरून काढून माल घेणाऱ्यावर टाकली तेव्हाही आम्ही बोंबललोच. पण लिहावं लागलं ना? एकदा ओळ लिहिली की ती कुणाला खोडता येत नाही. तुमच्या बायांची ओळच नाही."

"मग यांच्या लेबलने लिहावी," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.

फेअरट्रेडच्या नियमांत मजुरांची कलमं आहेत. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, भेदभाव नको. पण लहान शेतकऱ्याच्या रानात किलोमागे वेचणी किती द्यायची, ते काही लेबल ठरवत नाही. मी एवढं सांगितलं, तोवर मंडळाच्या अध्यक्षा हातात करंडा घेऊन आल्या. "अहो, तुमचा बाजार आवरा, निम्म्या बायकांना अजून कुंकू लागलं नाहीये!"

विक्री जेमतेम झाली. नानांनी चहाच्या दोन पुड्या घेतल्या, त्यासुद्धा वीस रुपये कमी करा म्हणून घासाघीस करून. मी केले नाहीत. "उत्तर आलं की मला कळव," जाताना म्हणाले. कसलं उत्तर ते मला विचारावं लागलं नाही.

नेरुळ स्टेशनवर ठाण्याच्या गाडीला वेळ होता. सचिवांना परत फोन लावला. पावतीवर वेचणीची ओळ घालता येईल का, असं विचारलं.

"घालता येईल, पण भाव गावागणिक बदलतो ताई. आणि आकडा सांगणार कोण? शेतकरीच सांगणार."

"वेचणाऱ्या बाया सांगतील. त्या गटात सभासद आहेत का?"

"सभासदाला सातबारा लागतो. त्यांच्या नावावर कुठून? अहो, सभासदांच्या घरातल्या बायांच्या नावावर नाही."

"मग प्रीमियम कशावर खर्च करायचा ते ठरतं तेव्हा?"

"सभासद हात वर करतात. गेल्या खेपेला गोदामाची शेड झाली." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमचं म्हणणं लेखी पाठवा, सभेपुढे ठेवतो."

गाडीतच लिहून पाठवलं. काही दिवसांनी सभेच्या नोटिशीचा फोटो आला. शेडचा उरलेला खर्च, ठिबकचं अनुदान, माती परीक्षण, आणि तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. आमचा त्यात आहे, असं सचिवांनी खाली लिहिलं होतं. तो फोटो मी नानांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "आयत्या वेळेला निम्मी माणसं जेवायला उठतात. विषय वर घ्यायला सांग."