होळीनंतर बिघडणारा पॅनल

केळापूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेची वर्गातल्या मोठ्या टचस्क्रीनबद्दलची तक्रार एका ओळीची होती : 'टच पॅनल खराब, बदलून द्यावा.' त्याआधी पुरवठादाराचा माणूस येऊन पॅनल फॅक्टरी रीसेट करून गेला होता. त्यात मॅडमनी पंढरकवड्याहून डाउनलोड करून आणलेले 'दीक्षा' या सरकारी ॲपवरचे सगळे पाठ पुसले गेले, आणि बिघाड जागेवरच राहिला. शाळांना तंत्रज्ञान आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा सल्ला देणं हे आमचं काम. त्यामुळे प्रकरण आमच्याकडे आलं.

एप्रिल होता, सकाळची शाळा. मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न विचारला, 'सर, नेमकं कधीपासून?' ते म्हणाले, 'होळीपर्यंत काहीच त्रास नव्हता. मार्गशीर्षात तर रोज चालत होता.' वस्तू बिघडायला तिथी-वार लागत नाही. ऋतू बदलला की बिघडते, म्हणजे दोष बहुधा वस्तूच्या बाहेर असतो.

पॅनल सुरू केला. आठच्या सुमारास पांढऱ्या पडद्यावर उजवीकडून आपोआप रेघा उमटायला लागल्या. चौथीतला एक मुलगा म्हणाला, 'थो आपल्या मनानंच लिवते जी.' दुसरीतली एक पोर पुढे यायलाच तयार नव्हती. चौकटीला बोट लावलं की 'मुंग्या येते' म्हणून. गावात 'शाळेतल्या टीव्हीत करंट उतरला' अशी चर्चा होती, आणि मॅडमनी पॅनलवर चादर टाकून ठेवली होती. त्यांनी अगदी बरोबर केलं होतं.

दोन तक्रारी, दोन वेगळी कारणं.

रेघांचं कारण खिडकीत होतं. शाळांना मिळणारे बहुतेक मोठे पॅनल इन्फ्रारेड टचचे असतात. चौकटीच्या दोन बाजूंना बारीक एलईडी, समोरच्या बाजूंना सेन्सर. बोटाने किरण अडला की तिथे स्पर्श झाला असं यंत्र समजतं. उन्हातही इन्फ्रारेड असतंच. तिरपं ऊन थेट सेन्सरवर पडलं की त्याला किरण अडला की नाही हे कळेनासं होतं. थंडीत शाळा दुपारची, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचा प्रश्न नव्हता. सकाळची शाळा लागली आणि आठ-साडेआठचं ऊन नेमकं चौकटीच्या उजव्या काठावर यायला लागलं. पोषण आहाराच्या तांदळाचं रिकामं पोतं दोन मुलांना खिडकीत धरायला लावलं. रेघा थांबल्या. पोतं काढलं, पुन्हा सुरू. मुलांनी हा प्रयोग मनसोक्त केला, आणि मॅडमच्या चेहऱ्यावरची धास्ती तिथेच निम्मी उतरली. (खालच्या काठावर साचलेली खडूची भुकटीही असाच त्रास देते. ती कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, पाणी अजिबात नाही.)

मुंग्यांचं कारण मात्र गंभीर होतं. गावच्या वायरमनभाऊंना बोलावून सॉकेटला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावला. फेज-न्यूट्रल २१७ व्होल्ट. फेज-अर्थ ११२. न्यूट्रल-अर्थ ९७. हा शेवटचा आकडा दोन-तीनच्या आत हवा. भाऊंनी शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून पाहिला. बल्बमधली तार लालसुद्धा झाली नाही. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याचा जमिनीशी संबंध उरला नव्हता. पॅनलच्या पॉवर सप्लायमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून धातूच्या चौकटीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर चौकट निम्म्या व्होल्टेजवर लटकत राहते आणि बोटाला झिणझिण्या येतात. एवढ्याने जीव जात नाही. पण उद्या आतली एखादी फेजची तार चौकटीला टेकली, तर अर्थिंगअभावी फ्यूज उडणार नाही, आणि हात लावणारं लेकरू त्या करंटच्या वाटेत असेल.

शाळेमागचा अर्थिंगचा खड्डा पाहिला. आपली काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम. उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपला सोडून मागे सरते. इथे पाइपभोवती चक्क पोकळी होती. वर क्लॅम्पचा बोल्ट मिठाने खाऊन टाकलेला, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार नुसती टेकलेली.

खड्डा दुरुस्त होईपर्यंत पॅनल बंद ठेवायचा, प्लग काढून, असं लेखी दिलं. दुरुस्ती साधी : अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाऐवजी बेंटोनाइट ही ओल धरून ठेवणारी माती (मीठ पाइप खातं), नवा क्लॅम्प, वर नरसाळं, आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला दोन बादल्या पाणी. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये मिळतं. त्यात खडू, रंगरंगोटी, वीजबिल, सगळंच. म्हणून अर्थिंगचा खर्च शाळेच्या माथी मारू नये, तो पॅनलच्या खरेदीतच धरावा, असं मी अहवालात स्पष्ट लिहिलं.

मॅडमचं पॅनलचं प्रशिक्षण तालुक्याला एका सभागृहात झालं होतं : ॲप कसं उघडायचं, क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा. ऊन, भुकटी, अर्थिंग, विजा चमकताना प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढायची, यातलं काहीच नव्हतं. मग त्याच दिवशी शाळा सुटल्यावर केंद्रातल्या शिक्षकांना तिथेच बसवून हे दाखवलं, मल्टिमीटर प्रत्येकाच्या हातात देऊन. तक्रारीचा नमुनाही बदलला : किती वाजता, पडद्याच्या कोणत्या बाजूला, तेव्हा लाइट होती की इन्व्हर्टर, हात लावल्यावर झिणझिण्या येतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तिथेच थांबायचं, प्लग काढायचा आणि वायरमनला फोन करायचा.

पॅनल आता उत्तरेच्या भिंतीवर आहे. ताबा घेण्याच्या कागदावर तीन व्होल्टेजचे रकाने टाकले आहेत. ते भरल्याशिवाय मुख्याध्यापकांनी सही करू नये, असं केंद्रप्रमुखांनी सगळ्या शाळांना कळवलं आहे.