साक्षीचा तास

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला मंडळाचा मेळावा दरवर्षी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी भरतो. राहुरी तालुक्यातलं छोटं गाव, दगडी चर्च, समोर लिंबाखाली मांडव. फेब्रुवारी महिना ठरला तो कवी नारायण वामन टिळकांमुळे. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई राहुरीत राहिले, त्यामुळे आमच्या भागात ती दोघं घरचीच माणसं.

प्रार्थना, पाहुण्यांचा सत्कार, अहवाल, जमाखर्च हे पाऊण तासात आटपतं. १९ वर्षं मी चिटणीस आहे, अहवाल मीच वाचते, पण सगळं लक्ष पुढच्या तासाकडे असतं. तो साक्षीचा तास, म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते एकेकानं उभं राहून सांगायचं.

सुरुवात आमच्या निवृत्त शिक्षिकाबाई करतात. त्या लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगतात. नवरा ख्रिस्ती झाला तरी बाई सोवळ्यात, पाणीसुद्धा वेगळं. मग एके दिवशी जातपात माणसानंच केली हे त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. इथवर आलं की शिक्षिकाबाई थांबतात, पुढच्या रांगेतल्या कुणालाही माठातलं पाणी आणायला सांगतात आणि सगळ्यांसमोर पिऊन तांब्या रिकामा करतात. दरवर्षी हे होतं आणि दरवर्षी माझे डोळे भरून येतात.

मी वाट बघते ती मात्र आमच्या एका मावशींची. त्या ऊसतोडीला जायच्या. पहिल्यांदा साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. चारच वाक्यं बोलल्या, ती माझ्या वहीत जशीच्या तशी आहेत: "नवराबायको मिळून एक कोयता. मालक गेला, मग मी अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत तेवढंच लिवलेलं. प्रभूच्या वहीत माझं नाव हाय." आणि खाली बसल्या. मांडवात कुणी आमेनसुद्धा म्हणालं नाही, सगळ्यांचेच गळे दाटले होते.

त्यानंतर दरवर्षी त्यांची साक्ष थोडी वाढत गेली. शिक्षिकाबाईंकडे त्या शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, अक्षरं शिकल्या. एका वर्षी मंडळाच्या हजेरीवहीत अंगठ्याऐवजी सही केली. सहीतली वेलांटी चुकली होती, ती खोडून पुन्हा काढली. ते पान मी जपून ठेवलंय.

मग आम्ही बस करून दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन बघायला गेलो. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायामुलींना तिथे आसरा दिला, हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणलं, आणि ते छापायचं कामही तिथल्याच बायकांनी केलं. परतताना मावशींनी मला तीनदा विचारलं, "दुष्काळातनं आलेल्या बायांनी छापलं?" पुढच्या साक्षीत त्या म्हणाल्या, "माझं काम मला सापडलं." आता हंगाम सुरू झाला की त्या तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जातात. संध्याकाळी पोरांना अक्षरं शिकवतात. बाळंतपणाची बाई असली तर दवाखान्यात सोबत बसतात. बोलावणाऱ्या बाया कुठल्या धर्माच्या, हे त्या बघत नाहीत.

आता एक सल आहे, तीही लिहिते. गेल्या वर्षी प्रीतिभोजनाला १४० ताटं उठली. साक्षीच्या तासाला मी मोजली ती ५२ माणसं. पुण्याहून येणारी आपलीच मंडळी गाडीतून उतरतात ती थेट पंगतीत. तरुण संघातली मुलं दिवसभर राबतात, पण साक्षी सुरू झाल्या की लिंबापलीकडे जाऊन उभी राहतात. मावशी उभ्या राहिल्या तेव्हा मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या. मला ते फार लागलं.

मेळाव्याच्या कामाला ज्यांनी हात लावला त्यांचे उपकार मानायचे आहेत. नावं छापायची नाहीत असं मंडळानं ठरवलंय, म्हणून कामावरून सांगते: पेटीवाले मास्तर आणि त्यांचा तबल्यावरचा नातू, भाकरी थापणाऱ्या अकरा जणी, त्यातल्या दोघी तापातून उठून आलेल्या, मांडवाचे बांबू फुकट देणारे शेजारचे मुस्लिम भाऊ, पाण्याचा टँकर आणणारे दादा, पाळकसाहेब आणि पाळकीणबाई, ज्यांच्या घरातली सगळी पातेली आमच्याकडे होती, दुसऱ्या दिवशी उपासनेआधी अंगण झाडणाऱ्या शब्बाथ शाळेच्या मुली. आणि कंदील देणाऱ्या आजी, कारण वीज गेली होती. त्यांचा उल्लेख गेल्या अहवालात राहून गेला, त्याबद्दल मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे.

यंदा साक्षी जेवणाआधी ठेवल्या आहेत. सगळ्यात आधी मावशी बोलणार, ठीक साडेदहाला.