मिनिट्स कोण लिहिणार?

गेल्या महिन्यात डायरेक्टर सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, मॅडम तुम्ही समितीत आहात. कसल्या, तर डीईआय, म्हणजे समता, विविधता, समावेश वगैरे. नॅक येतंय ना, कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणारी संस्था, त्यांच्या निकषांत हे सगळं विचारतात, फाइल तयार पाहिजे. मी बडोद्यात एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशोब, शिकवते, कुठल्या ते सांगत नाही, अजून होम लोन चालू आहे.

पहिल्या मीटिंगला आम्ही सहा जण, त्यात दोघी बायका. पीपीटीवर ते ठरलेलं चित्र, कुंपणापलीकडची मॅच बघणारी उंच-बुटकी तीन पोरं आणि त्यांच्या पायाखालचे कमी-जास्त खोके. मग ग्रुप फोटो. मग मीटिंगचा वृत्तांत लिहायची वेळ आली, तर कोणीतरी म्हणालं "मिनिट्स मॅडम लिहितील ने", कुठली मॅडम तेही सांगायची गरज वाटली नाही, आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मी पर्समधून पेन काढलं. सवय, दुसरं काय.

दांडिया बाजारात राहते, त्यामुळे सकाळची चक्कर कमाटी बागेत. सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना स्कॉलरशिप देऊन कोलंबियाला पाठवलं हे आम्ही बडोदेकर पाहुण्यांना हमखास सांगतो, आणि बरोबरच आहे, सांगायलाच पाहिजे. पण पुढचं सांगताना आवाज जरा खाली जातो. १९१७ मध्ये ते शिकून परत आले, संस्थानात नोकरीला लागले, तर शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे, ऑफिसात प्यायला पाणी मिळायचं नाही, नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले तर तिथेही लोक काठ्या घेऊन आले, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा माणूस याच बागेत बसून राहिला. आजच्या कॉलेजच्या भाषेत बोलायचं तर ॲडमिशन झालं, फीची सोय झाली, प्लेसमेंट पण झालं. आणि पाणी नाही.

आमच्या क्षेत्रात दारापर्यंतचा हिशोब एकदम पक्का आहे. आयआयएमसारख्या केंद्राच्या संस्थांमध्ये राखीव जागा एससी १५ टक्के, एसटी साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बळ १०, दिव्यांगांना ५. कॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेत ४० मिनिटांच्या सेक्शनला दिव्यांग मुलांना ५३ मिनिटं २० सेकंद मिळतात, म्हणजे बघा, सेकंद पण मोजलेत. आत आल्यावर मात्र सगळं माझ्यासारख्या मास्तरणीच्या मर्जीवर, आणि माझी मर्जी काय होती ते आता सांगते.

आमच्याकडे क्लास पार्टिसिपेशनला २० मार्क असतात. जो पटकन हात वर करतो आणि फाडफाड इंग्रजी बोलतो त्याला १७-१८. गेल्या वर्षी छोटा उदेपूरकडचा एक राठवा मुलगा होता, गुजराती मीडियमचा, शेवटून दुसऱ्या बाकावर, वहीत सगळं व्यवस्थित लिहिलेलं पण तोंड उघडायचा नाही. पहिल्या सेमला मी त्याला ६ दिले आणि शेऱ्यात लिहिलं, कम्युनिकेशन कमी पडतं.

दुसऱ्या सेमला वर्किंग कॅपिटल, म्हणजे धंद्यात रोज फिरणारा पैसा, चाललेलं, फळ्यावर उधारी वसूल व्हायचे दिवस, पंचेचाळीस, साठ, असं काहीतरी. सहज विचारलं की कोणाच्या घरी दुकान आहे? यानं हात वर केला, वडील आठवडी हाटात किराणा विकतात. मग किती दिवसांची उधारी देता रे? तो जरा घुटमळला आणि गुजरातीतच म्हणाला, "मॅडम, अमारे त्यां दिवस नथी गणता, होळी गणीए." त्यांच्याकडचे लोक मजुरीला सौराष्ट्रात जातात, होळीला सगळे गावी येतात, तेव्हाच हातात रोकड असते, म्हणजे दिवाळीनंतर दिलेली उधारी फाल्गुनातच सुटणार, आणि दुकानदाराला माल भरायला पैसा लागतो तोही नेमका होळीच्या बाजाराआधी. मग तोपर्यंत काय करता? तर घाऊकवाला थांबतो, त्यालाही होळी माहिती आहे, फक्त भाव थोडा चढा लावतो. उधारीवरच्या व्याजाचा पूर्ण धडा पोरानं चार वाक्यांत सांगितला. सगळा क्लास गप्प, आणि मला ते ६ मार्क आठवत होते.

खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. मी स्वतः मराठी शाळेतली, एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला गेले तर सगळं इंग्रजीत, जमा-नावे मला झोपेत पण यायचं पण डेबिट-क्रेडिट म्हटलं की हात थरथरायचा, अख्खं पहिलं वर्ष मी एकही प्रश्न विचारला नाही. आणि तीच मी आता शेरे लिहितेय!

आता मी एवढंच करते की प्रश्न टाकला की आधी दोन मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, गुजराती, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, मग मी चिठ्ठ्या नाव न घेता वाचते आणि मार्क त्यावरच. ग्रुप पण मीच पाडते, कारण मुलांवर सोडलं की हॉस्टेलचा मजला आणि आडनाव बघून ग्रुप पडतात, एकदा यादी नीट वाचून बघा. एका सहकाऱ्यानं ऐकवलंच की याने स्टँडर्ड खाली येतं, कंपन्यांना इंग्रजी लागतं. लागतं ना, मान्य, पण मग इंग्रजीचा पेपर वेगळा घ्या, कॉस्टिंगच्या मार्कांत का मिसळता? यावर अजून उत्तर आलेलं नाही.

समितीत मी तीन गोष्टी मांडल्या. लिफ्टची किल्ली वॉचमनच्या खिशात असते आणि वॉचमन चहाला असतो, आमची एक विद्यार्थिनी कुबड्या घेऊन दोन मजले चढते, तर किल्ली खिळ्याला टांगा. ही लगेच पास. दुसरी मार्कांची, ती "नोंद घेतली". तिसरी, फॉर्मवर "वडिलांची सही" असतं तिथे "पालकांची सही" करा, आईनं एकटीनं वाढवलेली मुलं आहेत आपल्याकडे. त्यावर एक सर हसले, एका शब्दाने काय फरक पडतो मॅडम.

मी हंसा मेहता लायब्ररीत बसून शिकलेली आहे हो. बाई आमच्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, १९४९ च्या. त्याच्या आधी युनोत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, त्यात "ऑल मेन" होतं ते बाईंनी भांडून "ऑल ह्यूमन बीइंग्ज" करायला लावलं आणि १९४८ मध्ये तसंच मंजूर झालं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. शांतता. मग सही बदलली.

पुढची मीटिंग शनिवारी आहे. मिनिट्स या वेळी त्या हसणाऱ्या सरांनीच लिहायचीत, मी अजेंड्यातच टाकून ठेवलंय.