घणसोलीचा वजनकाटा

रविवारी पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल म्हणजे सुख. ठाण्याच्या ज्या फलाटावर एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथे डब्यात मोजून सात माणसं. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, आणि चौथं घणसोली. एका हाताला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या हाताला खाडीकडची सपाटी. स्टेशनबाहेर रिक्षा मिळाली, चहाही मिळाला. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

मी गेलो होतो मुलांच्या स्थानिक बॉक्सिंग स्पर्धेला. बाउट, म्हणजे लढती, दुपारी होत्या, पण मला बघायचं होतं ते सकाळचं वजन. प्रेक्षक वजनाच्या वेळी कधीच येत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं. बॉक्सरची अर्धी कारकीर्द त्या काट्यावर ठरते.

हॉलमध्ये रबरी मॅट अंथरलेल्या होत्या आणि आयोजकांनी डिजिटल वजनकाटा त्या मॅटवरच ठेवला होता. ५० किलोपर्यंतच्या गटातला पंधरा वर्षांचा एक मुलगा चड्डीवर काट्यावर चढला. ४९.८. मुलाने डोळे मिटून श्वास सोडला, वही धरलेल्या माणसाने आकडा लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात त्या मुलाचेच सर म्हणाले, "थांबा जरा. बाळा, उतर आणि परत चढ." परत चढला तर ५०.१. पाय जरा सरकवल्यावर ४९.६.

सर काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या बारबेलची २० किलोची प्लेट त्यांनी उचलून आणली आणि काट्यावर ठेवली. आकडा आला १९.७. मग काटा उचलून दाराजवळच्या फरशीवर नेला, चारही पाय टेकलेत का ते बोटाने हलवून पाहिलं, शून्य दाखवेपर्यंत थांबले आणि प्लेट पुन्हा ठेवली. २०.०.

कारण साधं आहे. काट्याचे सेन्सर त्याच्या पायांशी असतात. मऊ मॅटमध्ये पाय रुततात, मग काट्याचा तळ मॅटला टेकतो आणि थोडं वजन सेन्सरवर न येता परस्पर मॅटवर जातं. आकडा कमी दिसतो, आणि माणूस जरा हलला की बदलतो. म्हणून काटा कायम कडक, सपाट फरशीवर ठेवायचा आणि वजन सुरू होण्याआधी माहितीच्या वजनाने तपासायचा. दोन मिनिटांचं काम आहे. आयोजकांनी ते केलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

फरशीवर मुलाचं वजन भरलं ५०.४.

सर गप्प राहिले असते तर मुलगा ४९.८ वर बसला असता. त्यांच्याच मुलाचं नुकसान होतं, तरी काटा त्यांनीच हलवायला लावला. मी ज्या कारणासाठी हे लिहितोय ते हेच.

मुलगा रडायला लागला. बाजूच्या कोणीतरी सुचवलं, "अजून तासभर आहे, रेनकोट घालून पळव त्याला, घाम निघेल, चारशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही." सर म्हणाले, "पळणार नाही. ५२ मध्ये खेळेल." आयोजकांनी तेवढी मुभा दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. मग सर मुलाला घेऊन पायरीवर बसले आणि त्याला मॅनी पॅकियाओची गोष्ट सांगितली. ती मी इथे जरा सविस्तर लिहितो, कारण वजन म्हणजे काय हे त्या कारकिर्दीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

फिलिपिन्सचा हा पोरगा जानेवारी १९९५ मध्ये, सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला तेव्हा जेमतेम ४४ किलोचा होता. सगळ्यात खालचा गट १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोचा. आपण खिशात वजनं घालून काट्यावर चढलो होतो, हे पुढे त्यानेच सांगितलं. डिसेंबर १९९८ मध्ये त्याने थायलंडच्या चाचाई सासाकुलला आठव्या राउंडमध्ये पाडून ११२ पौंडांचं, म्हणजे ५०.८ किलोचं जागतिक विजेतेपद घेतलं. आणि पुढच्याच वर्षी ते काट्यावर गमावलं. वाढत्या वयाचं अंग त्या मर्यादेत बसेना. वजन जास्त भरलं, विजेतेपदाचा पट्टा तिथेच गेला, आणि अशा पिळून काढलेल्या अंगाने लढायला उतरला तो तिसऱ्या राउंडमध्ये पोटावरच्या ठोशाने बसला.

मग त्याने अंग पिळणं सोडलं. मधले दोन गट ओलांडून तो १२२ पौंडांत गेला आणि जून २००१ मध्ये, जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीवर, लेहलो लेडवाबाला सहाव्या राउंडमध्ये हरवून पुन्हा विजेता झाला. तिथून वर वर चढत आठ वेगवेगळ्या वजनगटांत विजेतेपद. हे दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

डिसेंबर २००८ ची ऑस्कर डे ला होयाविरुद्धची लढत प्रत्येक प्रशिक्षकाने मुलांना दाखवावी. डे ला होया १६० पौंडांपर्यंत विजेता राहिलेला मोठा गडी. त्या लढतीसाठी तो १४७ ला उतरला, आणि काट्यावर तर १४५ भरला. पॅकियाओ खालून वर आलेला, १४२. बघणाऱ्यांना वाटलं लहान माणूस चिरडला जाणार. झालं उलटंच. अंग पिळून खाली उतरलेल्या डे ला होयाचे हात उठेनात, पाय हलेनात, आणि आठ राउंडनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही. दोन वर्षांनी अँटोनिओ मार्गारिटो लढतीच्या रात्री पॅकियाओपेक्षा सुमारे १७ पौंडांनी जड होता. बारा राउंड मार खाऊन डोळ्याखालचं हाड मोडून गेला.

आता मुलांच्या पालकांसाठी चार गोष्टी. रात्रभरच्या झोपेत श्वास आणि घामावाटे वजन आपोआप थोडं उतरतं, म्हणून रात्रीच्या आकड्याने घाबरू नये. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ५० किलोच्या मुलाने एक किलो पाणी घामावाटे घालवलं की ते त्याच्या अंगाचे दोन टक्के. तिथून दम कमी पडायला लागतो. रक्तातलं पाणी घटतं, हृदय जास्त धडधडतं, अंग तापतं. डोक्याला मार बसल्यावर कोरड्या शरीरात मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, असंही मानलं जातं. वजन झाल्यावर घटाघटा पाणी पाजू नका, उलटी होते. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटाघोटाने. सोबत केळं, मऊ भात. वडापाव नको, बाउटच्या वेळी तो पोटातच असतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये पोलंडला मेरी कोमचं वजन दोन किलो जास्त निघालं, तिने तासभर दोरीच्या उड्या मारून ते उतरवलं आणि सुवर्ण जिंकलं. ही हकीकत आपल्याकडे प्रत्येक हॉलमध्ये सांगतात. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ती तेव्हा पस्तिशीची, पाच वेळची जगज्जेती होती, स्वतःचं अंग ओळखत होती. पंधरा वर्षांच्या मुलाला ती गोष्ट सांगून रेनकोट घालू नये. कुस्तीपटू विनेश फोगाटचे पॅरिस ऑलिंपिकमधले जास्तीचे १०० ग्रॅम आपण सगळ्यांनी पाहिलेत. आदली रात्रभर वजन उतरवायला ती काय करत होती, तेही आठवा.

आदरातिथ्याबद्दल बोलायचं तर पाहुण्यांना चहा, उपमा, शाल, श्रीफळ. वजन करून कोरडी पडलेल्या पोरांना सगळ्यांत मिळून पाण्याचा एक जार, आणि तो नऊलाच संपला. एका मुलाची आई घरून दोन डबे आणि मोठी बाटली घेऊन आली होती, तिने ओळख नसलेल्या पोरांनाही वाढलं.

दुपारी ५२ किलोच्या बाउटमध्ये आमचा मुलगा हरला. समोरचा हाताने लांब होता. पण तिसऱ्या राउंडच्या शेवटच्या मिनिटालाही याची गार्ड खाली आली नव्हती, टाचा उचललेल्याच होत्या. ग्लोव्ह्ज काढल्यावर सरांनी बँडेज सोडवताना विचारलं, "दम लागला?" तो म्हणाला, "नाही सर. भूक लागलीय."

सरांनी खिशातून वही काढली आणि त्याच्या नावापुढचा ५० चा आकडा खोडून ५२ लिहिला.