दुःख सांगण्याच्या तऱ्हा : काही कथा-कादंबऱ्या, काही कविता

मराठी कादंबरीत मृत्यू पुष्कळ येतात, परंतु 'कोसला'तील नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूइतका अस्वस्थ करणारा दुसरा मृत्यू मला आठवत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या या कादंबरीची चर्चा नायक पांडुरंग सांगवीकरच्या तोंडचे सततचे 'वगैरे', त्याचे वसतिगृह आणि त्याचा तुटकपणा यांभोवतीच फिरत राहते. माझ्या मते मात्र पुस्तकाचा कणा म्हणजे धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, ती पाने. एरवी प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा मुलगा तेथे वडिलांवर, घरावर आणि जन्म देण्याच्या एकूण व्यवहारावरच उलटतो, आणि ती मूल होण्याआधीच गेली म्हणजे दुःखाची पुढची साखळीही तुटली, अशा भयंकर हिशेबात समाधान शोधतो. कादंबरीचा उत्तरार्ध लांबल्याची तक्रार अनेकजण करतात. ही पाने मनात ठेवून वाचल्यास ती तक्रार फारशी टिकत नाही.

जी. ए. कुलकर्णी यांच्याविषयीचे माझे मत त्यांच्या चाहत्यांना रुचणार नाही. 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांची भाषा दिपवणारी आहे, पण तेथील माणसे नियतीविषयी बोलण्यासाठीच जन्माला आली असावीत, असे वाटत राहते. त्यांच्याच 'कैरी' या कथेतील तानीमावशीचे हाल पाहणाऱ्या लहानग्याला असे काही बोलता येत नाही, आणि म्हणूनच ती कथा कितीतरी अधिक लागते.

इंदिरा संतांची कविता बहुधा त्यांच्या चरित्राच्या आधाराने वाचली जाते. पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले, म्हणून 'शेला' आणि 'मेंदी' या संग्रहांतील प्रत्येक ओळ वैधव्याचीच, असे गृहीत धरणारी समीक्षा मला आळशी वाटते. या कवितेतील संयम, निसर्गाशी चालणारे तिचे हळू बोलणे आणि नेमक्या ठिकाणी थांबणे हे कारागिरीचे गुण आहेत. ते केवळ सोसण्यातून आपोआप येत नाहीत.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहातील (१९७२) दुःख तर सहानुभूती मागतच नाही, ते थेट अंगावर येते. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना चांगली असली, तरी नव्या वाचकाने ती कवितांनंतर वाचावी.

अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही' या कवितासंग्रहाकडे (२००३) मी सर्वांत अधिक वेळा वळतो. जगभरच्या पुराणांतील आणि इतिहासातील रडणाऱ्या, छळलेल्या, मारल्या गेलेल्या स्त्रिया येथे एकत्र येतात : अलेक्झांड्रियातील जमावाने ठार मारलेली प्राचीन काळातील गणिती व तत्त्वज्ञ हिपेशिया येते, आणि स्टालिनच्या काळात छावणीत मेलेल्या पतीच्या, रशियन कवी ओसिप मांदेलश्तामच्या, कविता पाठ करून जपणारी नादेझ्दा मांदेलश्ताम येते. एवढ्या पसाऱ्यात काही कविता माहितीच्या ओझ्याखाली वाकतात, हे मान्य करायला हवे. संदर्भ ठाऊक नसलेल्या वाचकाला तेथे नुसती नावे हाती लागतात. परंतु कोलटकर बोलीभाषेतला, जवळजवळ गप्पांचा सूर लावतात, तेव्हा दीड हजार वर्षांपूर्वीचा खूनही आपल्या गल्लीत घडल्यासारखा वाटतो. जाडजूड पुस्तक आहे. सलग वाचून संपवण्यापेक्षा एका वेळी एकीचीच कविता वाचावी, आणि हिपेशियापासून सुरुवात करावी.