आम्ही की आपण?

“पाण्याची पाळी कोण ठरवणार?” इंजिनिअर साहेबांनी मराठीत विचारलं. मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, गावच्या शाळेतल्या मास्तरांनी क्वेचुआत, म्हणजे पेरूच्या डोंगरातल्या मूळ भाषेत. उत्तर त्याच वाटेनं उलटं आलं आणि मधल्या टप्प्यावर, म्हणजे माझ्या हातून, सांडलं.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले आणि गेली बारा वर्षं दुभाषाचं काम करते. बहुतेक दिवस कंटाळवाणे असतात. औषधांच्या परवान्यांच्या मीटिंगा, यंत्रांची माहितीपत्रकं, मधूनच एखादं लग्नाचं प्रमाणपत्र. पेरूला याआधी दोनदा गेले होते, पण लिमा सोडून वर डोंगरात ही पहिलीच खेप. तुषार सिंचनाचे संच बसवणारी एक कंपनी, तिचे सांगलीकडचे इंजिनिअर, आणि कुस्कोच्या दक्षिणेला कानास प्रांतातलं यानाओकाजवळचं एक गाव. उंची ३,९०० मीटरच्या आसपास. साहेबांचं डोकं पहाटेपासून ठणकत होतं, कोकाच्या पानांचा चहा तीनदा पिऊन झाला होता.

गावसभेची खोली मातीच्या विटांची. पुरुष बाकांवर, बायका भिंतीला टेकून खाली, आणि त्यातल्या निम्म्याजणींच्या हातात टकळी. बोलणं ऐकताहेत, मान डोलावताहेत, पण लोकरीचा धागा तुटत नाही. सगळ्यात म्हाताऱ्या आजींना साऱ्या खोलीचा मान होता. त्या बोलायला लागल्या की बाकीचे गप्प.

सुरुवात फार छान झाली. गावातला पाट वर्षातून एकदा सगळे मिळून साफ करतात, आणि एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबण्याला ते ‘आयनी’ म्हणतात, असं मास्तरांनी सांगितलं. “म्हणजे सावड की ओ!” साहेब एकदम खुलले. पाळीला शब्द आहे ‘मित्आ’. “आमच्याकडं बी पाणीपाळीवरनं डोकी फुटत्यात, सांगा त्यांना.” मी सांगितलं. खोली हसली.

मित्आ हा शब्द मात्र मला वेगळ्याच ठिकाणाहून माहीत होता. इंका राज्यात मित्आ म्हणजे राज्यासाठी करायची पाळीची कामं: रस्ते, पूल, कोठारं. पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो यानं १५७० च्या दशकात शब्द तोच ठेवला आणि खाली वेठबिगारी भरली. नेमून दिलेल्या प्रांतांतल्या गावांनी दरवर्षी साधारण सातातला एक पुरुष पोतोसीच्या चांदीच्या खाणीला द्यायचा. कानासचा हा मुलूख त्यात होता. ही पद्धत १८१२ मध्ये बंद झाली. पण एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्या जुन्या हद्दीच्या आतली आणि बाहेरची गावं ताडून पाहिली, तर आतल्या गावांत आजही घरखर्चाची ऐपत सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाली. हे मी विमानात वाचलं होतं. त्या खोलीत बसून ते आकडे आठवणं बरं वाटत नव्हतं.

तर उत्तर. आजी बोलल्या, मास्तरांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं, “नोसोत्रोस नोस पोंद्रेमोस दे आकुएर्दो.” मी म्हटलं, “आपण आपसात ठरवू.”

साहेबांना हेच हवं होतं. संचाला ठरावीक दाब लागतो, म्हणून पाणी सोडायच्या वेळा कंपनीच्या माणसाच्या सल्ल्यानं ठराव्यात असा त्यांचा आग्रह होता. ते उठले, “ग्रासियास, ग्रासियास” म्हणाले, आणि नकाशावरच्या व्हॉल्व्हवर बोट ठेवून दुसऱ्या हातानं चावी फिरवल्यासारखं केलं.

आजींची टकळी थांबली.

त्या मास्तरांना भराभर काहीतरी म्हणाल्या. त्यातला एकच शब्द मला कळला, कारण मला येणारे क्वेचुआ शब्द दोनच. भाषाशास्त्राच्या वर्गात बाई ते उदाहरण म्हणून द्यायच्या: ‘नोकांचिस’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून, ‘नोकायकू’ म्हणजे आम्ही, त्याला वगळून. मराठीसारखंच, असं बाई कौतुकानं सांगायच्या. स्पॅनिशमध्ये दोन्हीला एकच, नोसोत्रोस. दोन्ही टोकांच्या भाषांत फरक शाबूत, आणि मधल्या भाषेत त्याला जागाच नाही. कर्ता गाळून नुसतं “ठरवू” म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण सभा खेळीमेळीची होती, सावड-बिवड झालं होतं, माझ्या तोंडून ‘आपण’ गेलं.

मी मास्तरांना विचारलं, “नोकांचिस की नोकायकू?”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग भिंतीकडच्या बायका हसायला लागल्या. आजी हसल्या नाहीत. सावकाश, माझ्याकडे बघत म्हणाल्या, “नोकायकू.”

मी साहेबांकडे वळले. “सर, माझी चूक झाली. आपण नाही, आम्ही. पाळी गावच ठरवणार. आपण त्यात नाही.”

साहेब खाली बसले. “मग अर्धा तास काय बोलत होतो आपण?” म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुभाषाच्या धंद्यातली सगळ्यात बदनाम कथा याच देशातली आहे. १६ नोव्हेंबर १५३२, काहामार्का. पेरू जिंकायला आलेल्या पिसारो या स्पॅनिश सरदाराबरोबर १६८ माणसं, समोर इंका सम्राट आतावाल्पा, आणि मध्ये दोन वाक्यं इकडून तिकडे नेणारा एक किनाऱ्यावरचा पोरगा. तो फेलिपियो नावाचा पोरगा होता की दुसराच कुणी, यावर बखरकारांचं एकमत नाही. गार्सिलासो दे ला व्हेगा, ज्याची आई इंका घराण्यातली, लिहितो की पाद्री त्रैक्याबद्दल, म्हणजे एकाच देवाच्या तीन रूपांबद्दल, बोलला तेव्हा या पोरानं देव तीन आणि एक मिळून चार आहेत असं सांगितलं. पुढे कत्तल झाली, सम्राट पकडला गेला, खोलीभर सोनं देऊनही १५३३ मध्ये मारला गेला. भाषांतर अचूक असतं तर हे टळलं असतं, असं मला वाटत नाही. पिसारोचे लोक आधीच दबा धरून बसले होते. तरी दोष द्यायला दुभाषा सोयीचा पडतो.

आणि स्पॅनिश लोकांना हा आम्ही-आपण फरक ठाऊक नव्हता असंही नाही. १५६० मध्ये छापलेल्या पहिल्या क्वेचुआ व्याकरणात दोमिंगो दे सांतो तोमास या पाद्रीनं तो नोंदवलाय. क्वेचुआतली येशूची प्रार्थना सुरू होते ‘यायायकू’नं, आमच्या बापा. देवाला ‘आपल्या बापा’ म्हणून कसं चालेल! धर्म सांगायचा होता तोवर भाषा बारकाईनं शिकले. १७८० मध्ये याच भागातल्या तुंगासुकाचा प्रमुख दुसरा तुपाक आमारू उठला, पोतोसीची वेठ बंद करा म्हणाला. पुढच्या मे महिन्यात कुस्कोच्या चौकात आधी त्याची जीभ कापली, मग मारलं, आणि शिक्षेच्या हुकुमातच क्वेचुआवर बंदी आली. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण आणि मग स्थानिक भाषेवर बंदी घालणारा १६८४ चा पोर्तुगीज फतवा, हा गोव्याचा क्रम ज्यांना माहीत आहे त्यांना नवल वाटायचं नाही.

जेवताना मास्तरांनी स्वतःचं सांगितलं. क्वेचुआत ए-ओ वेगळे मोजत नाहीत, त्यामुळे लहानपणी ते ‘मेसा’ला, म्हणजे टेबलाला, ‘मिसा’ म्हणायचे, म्हणजे चर्चमधली मिस्सा. वर्ग हसायचा, गुरुजी छडी काढायचे. क्वेचुआ १९७५ मध्ये राजभाषा झाली. निरक्षरांना मताचा हक्क मात्र १९७९ च्या घटनेनं दिला. म्हणजे आजी वयात आल्या तेव्हा त्यांना मतच नव्हतं.

दुपारी इतिवृत्त लिहिलं गेलं, अर्थात स्पॅनिशमध्ये. मास्तरांनी ‘नोसोत्रोस’ लिहिलं, थांबले, आणि पुढे ‘लोस कोमुनेरोस’ जोडलं: आम्ही, गावचे लोक. आजींनी ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग अंगठा दिला. शाई त्यांनी टकळीच्या लोकरीला पुसली.

साहेबांनी नकाशावरचा व्हॉल्व्ह खोडून गावाच्या टाकीपाशी नेला. दाब कमी पडेल, चार नोझल कमी लावावी लागतील म्हणाले. रात्री हॉटेलात ऑफिसला पाठवायचा अहवाल मीच लिहायचा होता, इंग्रजीत. तिथंही एकच ‘वी’. मी ते खोडलं आणि लिहिलं, पाळी गावकरी ठरवतील, कंपनी नाही.